उतारावरून सुटलेली ड्रायव्हरबाई

सगळी गल्ली त्यांना ड्रायव्हरबाई म्हणायची. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी शहराची बस चालवली होती, आणि तीही जोड-बस, मधोमध रबरी भाता असलेली, वळताना कंबरेत मोडणारी. अरुंद चौकात समोरून कचऱ्याचा ट्रक आला की भलेभले घामाघूम व्हायचे. ड्रायव्हरबाई मात्र एका हातानं चष्मा वर सरकवत आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवत बस अलगद काढून न्यायच्या. निवृत्त झाल्या त्या दिवशी घरी आल्या, बूट काढले आणि जाहीर केलं, "आता मी स्टिअरिंगला हात लावणार नाही. पुरे झालं."

त्यांनी हात लावावा असा कुणाचा आग्रहही नव्हता. घरात गाडी होती, पण ती नवऱ्याची होती. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. दिवसभर लोकांना 'हे दिसतं का, आता दिसतं का' विचारणारा हा शांत माणूस रविवारी गॅरेजचं दार उघडलं की पार बदलायचा. आत इटलीत जन्मलेली लाल, दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार होती. वयानं त्यांच्या लेकीपेक्षा मोठी. रुसव्याफुगव्यात मात्र तिचा हात कुणी धरला नसता. सकाळी थंडी असली तर ती सुरू होत नसे, दुपारी ऊन असलं तर बंद पडत असे, आणि मधल्या वेळेत तेल गाळत असे. "तेल गळतंय म्हणजे आत तेल आहे," असं चष्मेवाले समाधानानं सांगायचे.

ड्रायव्हरबाई त्या गाडीत नेहमी शेजारच्या सीटवर बसत आल्या होत्या. चाक हातात देण्याची गोष्ट नवऱ्यानं कधी काढली नाही आणि त्यांनीही मागितलं नाही. एकदाच, फार पूर्वी, त्या सहज म्हणाल्या होत्या, "मी बघू का चालवून?" त्यावर नवरा म्हणाला होता, "बस चालवणं वेगळं गं." तो विषय तिथंच मिटला, म्हणजे नवऱ्यापुरता मिटला.

मग लेकीनं लग्न केलं आणि जावई आला. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. माणसांना सावकाश वर न्यायचं आणि सावकाश खाली आणायचं, हा त्याचा धंदा. बहुधा म्हणूनच की काय, स्वतःची गाडी त्यानं अशी करून ठेवली होती की ती सावकाश जाऊच शकत नव्हती. मुळात ती साधीसुधी जपानी हॅचबॅक, भाजी आणायला जाणाऱ्या लोकांची. जावयानं तिला इंजिनाला जोर देणारा टर्बो बसवला, स्प्रिंगा बदलून जमिनीला टेकवली, मागं पंखासारखा मोठा स्पॉयलर लावला, आणि सायलेन्सर असा घातला की ती गल्लीच्या तोंडाशी आली की सासूबाई चहाचं आधण ठेवायच्या.

दर रविवारी जेवणं झाली की सासऱ्या-जावयाची जुंपायची.

"बाबा, तुमची गाडी सुंदर आहे," जावई म्हणायचा. "कपाटात ठेवायला."

"आणि तुमचा तो पत्र्याचा डबा. त्यात दोन खडे टाकले की असाच आवाज येतो."

"डबा म्हणा, पण किल्ली फिरवली की सुरू होतो."

"कुकरही होतो. त्याला कुणी हात फिरवून कुरवाळतं का?"

"टर्बो लागला की तुमची इटालियन आरशातसुद्धा दिसणार नाही."

"दिसणार नाही, कारण तुम्ही तोवर कुठल्यातरी स्पीडब्रेकरवर अडकलेले असाल."

लेक पोहायला शिकवायची. दिवसभर पोरांवर ओरडून तिचा आवाज बसलेला असायचा, त्यामुळे घरी ती मोजकंच बोलायची. त्या रविवारी ताटं उचलता उचलता ती म्हणाली, "आईला विचारा की. आपल्यात पोटासाठी गाडी तिनंच चालवली आहे."

दोघांच्याही डोक्यात हे कधी आलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडांवर स्वच्छ दिसत होतं.

"ती बस होती," चष्मेवाले हळूच म्हणाले.

ड्रायव्हरबाई सफरचंद चिरत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि तळवा पुढं केला. "चाव्या द्या. दोन्ही."

रस्ता त्यांनीच ठरवला. त्यांच्या जुन्या बसचा मार्ग, टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत. ज्याची गाडी त्यानं शेजारी बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं.

आधी जपानी. आत शिरायलाच कसरत होती. सीट कसली, बादलीच ती. त्यात बसल्यावर जावयानं चार पट्ट्यांनी त्यांना असं करकचून बांधलं की श्वास घ्यायचा तर परवानगी मागावी लागेल. पण किल्ली फिरवली आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. क्लच हलका, गिअर लोण्यातून सुरी जावी तसा. मात्र स्प्रिंगा इतक्या ताठ की रस्त्यावर नाणं पडलेलं असतं तर छापा की काटा तेही कमरेला कळलं असतं. सरळ रस्त्यावर त्यांनी पाय दाबला. आधी काहीच झालं नाही. त्या जावयाकडं 'हेच का ते' अशा नजरेनं बघणार, तेवढ्यात मागून कुणीतरी लाथ मारावी तशी गाडी उधळली. टर्बोची शिट्टी वाजली, घरं मागं पळाली, आणि ड्रायव्हरबाईंच्या तोंडून हसू फुटलं. बसमध्ये असं हसू कधी फुटलं नव्हतं. तिथं मागं उभी माणसं असायची.

पण वर्षानुवर्षांची सवय कुठं जाणार? पहिल्याच वळणावर त्यांनी जोड-बसचं शेपूट सांभाळावं तसा एवढा मोठा वळसा घेतला की ती इवलीशी गाडी पलीकडच्या फुटपाथला चाटून आली. जावई जीव मुठीत धरून बसला होता, पण करार आठवून गप्प राहिला.

पुढच्या बसथांब्यावर एक म्हातारी पिशवी घेऊन उभी होती. तिनं हात केला. ड्रायव्हरबाईंचा पाय आपसूक ब्रेकवर गेला, आणि गाडी थांब्याच्या खुणेशी तंतोतंत उभी राहिली.

म्हातारीनं वाकून आत पाहिलं. "अगंबाई, तुम्ही होय? बस लहान केली का?"

"आजच्यापुरती. दवाखान्यापर्यंतच ना?"

"हो, नेहमीप्रमाणं."

आता तिला बसवायचं कुठं? वजन कमी व्हावं म्हणून जावयानं मागची सीट काढून टाकली होती. ड्रायव्हरबाईंनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं. तो मुकाट्यानं उतरला, मागं शिरला आणि उघड्या पत्र्यावर, लोखंडी दांड्याला धरून उकिडवा बसला. पुढं म्हातारीला चारी पट्ट्यांनी बांधलं, पिशवी मांडीवर दिली आणि गाडी निघाली. टर्बो लागला तेव्हा मागून धप्पकन आवाज आला.

"तुमच्या कंडक्टरला उभं राहायची सवय नाही वाटतं," म्हातारी म्हणाली.

"नवीन आहे," ड्रायव्हरबाई म्हणाल्या.

दवाखान्याशी उतरताना म्हातारीनं शिक्षकानं शेरा द्यावा तसं सांगितलं, की वेळेत आणलंत, पण आधीची बस बसायला बरी होती.

मग पाळी इटालियनची. तिथं मुकाट बसायचा करार सुरू होण्याआधीच मोडला.

"चोक ओढ. एवढा नाही, अर्धा. आता दोनदा पॅडल दाब. थांब. पंप भरू दे. आता किल्ली. दुसऱ्या गिअरवर लगेच जाऊ नकोस, गार असताना तो कुरकुरतो. पहिल्यावरून तिसऱ्यावर जा."

"अहो, ही गाडी आहे की सासर?"

गाडी खोकली, शिंकली आणि सुरू झाली. ड्रायव्हरबाईंना पहिल्यांदा जाणवलं ते आपण किती खाली बसलोय हे. सगळी हयात त्या शहराकडं खिडकीच्या उंचीवरून बघत आल्या होत्या. आता शेजारून ट्रक गेला तर त्याच्या चाकाचे नट डोळ्यांसमोरून फिरत होते. ब्रेकला आधी कळवावं लागत होतं. क्लच दाबताना मांडी भरून येत होती. पण चढ लागला आणि इंजिनाचा सूर बदलला. खालून खर्जात निघून तो हळूहळू वर चढत गेला, आणि बरोबर कुठं गिअर टाकायचा ते कानालाच समजायला लागलं. लाकडी चाकातून रस्ता तळव्यांना गुदगुल्या करत होता. वळणं एकामागून एक नीट जमली. चष्मेवाले शेजारी डोळे मिटून, दोन्ही पायांनी नसलेले ब्रेक दाबत बसले होते.

टाकीपाशी पोचल्यावर त्यांनी गाडी वळवून उतरणीला तोंड करून लावली. चष्मेवाल्यांनी इंजिन बंद करायला लावलं, म्हणजे ते जरा गार होईल. दोघं कठड्यावर बसले. खाली शहर पसरलं होतं.

"इतकी वर्षं तुम्ही मला का नाही दिलीत चालवायला?" त्यांनी विचारलं. भांडायला म्हणून नाही.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. "तू दिवसभर अख्ख्या गावाला फिरवून यायचीस. मला वाटायचं, निदान रविवारी तुला कुणीतरी फिरवावं."

हे त्यांना कधी सुचलं नव्हतं. त्यांनी खालच्या शहराकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "आणि मला वाटायचं, तुमचा माझ्यावर भरवसा नाही."

"तोही नव्हता थोडा," चष्मेवाले प्रामाणिकपणे म्हणाले.

दोघंही हसले. मग निघायला म्हणून किल्ली फिरवली तर गाडीनं चकार शब्द काढला नाही. चोक झाला, पंप झाला, बॉनेट उघडून पुन्हा बंद करून झालं.

"धक्का स्टार्ट," शेवटी चष्मेवाले म्हणाले. "मी ढकलतो. सुरू झाली की थांबू नकोस, थांबलीस की पुन्हा बंद पडेल."

त्यांनी ढकललं. गाडी उताराला लागली, क्लच सुटला, एक आचका बसला आणि इंजिन गर्जलं. ड्रायव्हरबाईंनी आरशात पाहिलं. नवरा हात हलवत मागं धावत होता, थांब म्हणून की जा म्हणून, ते त्यांना कळलं नाही. थांबू नकोस हे तर त्यानंच सांगितलेलं. त्या थांबल्या नाहीत.

टेकडीच्या पायथ्याशी रस्ता फुटतो. डावीकडं शहर. बस नेहमी डावीकडं वळायची. ड्रायव्हरबाई हजारदा तिथं आल्या असतील, पण उजवीकडं काय आहे ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, कारण उजवीकडं थांबा नव्हता. शेजारची सीट रिकामी होती. त्यांनी उजवा सिग्नल दिला. तो लागला नाही. त्यांनी हात बाहेर काढला आणि वळल्या.

इकडं दोघं परतले नाहीत म्हणून जावई आपली गाडी घेऊन सासऱ्यांना शोधत टेकडी चढला. पुढं काय झालं ते त्यानं नंतर रंगवून सांगितलं. बाबा घामाघूम होऊन, बूट हातात घेऊन उतरत होते. डब्यात बसायला त्यांनी एकदा नाही म्हटलं, दुसऱ्यांदा बसले. तोंडावर गाडीतल्या पंख्याचा वारा लागला तेव्हा विचारलं, "हा नेहमी चालतो?" जावयानं टर्बो दाखवला. बाबा म्हणाले, "पुन्हा एकदा करा बघू."

ड्रायव्हरबाई परतल्या तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती. केस उडालेले, नाक उन्हानं लाल. दोघं दारात उभे होते. जावयाला लाल गाडीची काळजी नव्हती आणि चष्मेवाल्यांनाही, आश्चर्य म्हणजे, तेवढी नव्हती.

"कुठं होतीस?"

"उजवीकडं."

"मग निकाल?" लेकीनं विचारलं.

त्यांनी पाण्याचा पेला रिकामा केला. "जावईबापू, तुमची गाडी मी म्हणेन ते ऐकते. यांची गाडी मलाच ऐकवते." मग म्हणाल्या, "घरात ऐकवणारे खूप आहेत. तरी आता दर बुधवारी मी हिलाच नेणार आहे."

यात कोण जिंकलं यावर सासरे-जावई आजही वाद घालतात, पण आता गॅरेजमध्ये, एकाच बॉनेटखाली डोकी घालून. त्यांना बुधवारपर्यंत गाडी तयार करून द्यायची असते.

परवा दूरच्या एका पेट्रोलपंपावर एका माणसानं लाल गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि अदबीनं विचारलं, "कुठल्या सालची हो?"

"ते मला ठाऊक नाही," ड्रायव्हरबाई म्हणाल्या. "समुद्राकडं कसं जायचं तेवढं सांगा."