माझ्या पाण्याची जागा

कामाच्या पहिल्याच दिवशी मॅडमनी मला पाणी प्यायची जागा दाखवली. बाहेरच्या बाथरूमची खिडकी. तिथे मिनरल वॉटरची एक जुनी बाटली. शेजारी संडासाचा ब्रश, पोछा, फिनाईल.

"ही तुझी. नळावर भरून घेत जा. किचनमधलं काही घेऊ नकोस."

त्याआधी त्यांनी माझं आडनाव विचारलं होतं. गाव विचारलं होतं. अगदी हसून. आडनाव कळलं आणि माझं पाणी बाथरूममध्ये गेलं. मी दहावी पास आहे, एवढं मला समजतं. तरी मी बाटली उचलली. काम हवं होतं. दोन वर्षं त्या खिडकीतलं पाणी प्यायले आणि कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. याची मला आज जास्त लाज वाटते.

करंजाडेत आमच्याकडे हातगाडीवाला येतो. सुटं ॲसिड, सुटं फिनाईल. आपण रिकामी बाटली द्यायची, तो कॅनमधून भरून देतो. टॉवरमधले घेतात, गावठाणात भाड्यानं राहणारे आम्हीही घ्यायचो. मे महिन्यात एके दिवशी मॅडमनी ॲसिड घेतलं. मिनरल वॉटरच्याच बाटलीत. मला न सांगता ठेवलं त्याच खिडकीत, माझ्या बाटलीला लागून. दिसायला पाणीच.

मला त्यांनी बाथरूम ब्लीचनं घासायला सांगितलं. दार लावून. वास हॉलमध्ये यायला नको म्हणून. अर्धा तास मी आत कोंडून घासत होते. डोळे चुरचुरत होते, नाक बधिर झालेलं. घशाला कोरड पडली. हात वर केला, बाटली उघडली, तोंडाला लावली.

एकच घोट. निम्मा बेसिनमध्ये थुंकले, निम्मा आत गेला. नुसती आग. ओरडायला गेले तर आवाजच फुटेना.

मॅडम धावत आल्या. त्यांचं पहिलं वाक्य मला जसंच्या तसं आठवतं.

"तुम्हा लोकांना वास पण कळत नाही का गं?"

तुम्हा लोकांना. घसा जळत होता आणि कानात तेवढंच घुमत होतं. मग त्यांनी घाईघाईनं मिठाचं पाणी केलं, उलटी काढ म्हणाल्या. ते पाणी दिलं बाथरूमच्या प्लास्टिकच्या मगातून. मी जीव जातोय म्हणून तडफडत होते, तरी किचनमधला पेला बाहेर आला नाही.

उलटी झाली. जाताना भाजलं, येताना पुन्हा भाजलं. दवाखान्यात डॉक्टरबाई भडकल्या. ॲसिड पोटात गेलं तर उलटी काढायचीच नसते, तोंड साध्या पाण्यानं धुवायचं आणि बाटली घेऊन लगेच यायचं, म्हणाल्या. बाटलीवर काय लिहिलंय ते विचारलं. काहीच लिहिलेलं नव्हतं. हिनं स्वतःच चुकीची बाटली उचलली, असं मॅडम माझ्यासमोर त्यांना सांगत होत्या. मी ऐकत होते. बोलता येत नव्हतं.

घरी आल्यावर पातळ पेजेवर दिवस काढले. नवरा तळोज्याला केमिकल कंपनीत ठेक्यावर आहे. माझ्या उशाशी बसून तो हळूच म्हणाला, "आमच्याकडं पिंपावर कवटी काढलेली असती. आन् घरात आमी थंड्याच्या बाटलीत भरून ठेवतो."

उठून मोरीत गेले. आमच्या ॲसिडची बाटली तिथे खालीच होती, मुलीच्या हाताला लागेल अशी. तिथेच बसून रडले. दुसऱ्यांच्या घरचं आयुष्यभर साफ करत आले आणि स्वतःच्या घरात असं विष उघडं ठेवलं होतं. आता सुटं काही घेत नाही. सीलबंद, नाव छापलेलं घेते आणि वरच्या फळीवर ठेवते.

पंधरा दिवसांनी मॅडमनी कामावर बोलावलं. बाथरूममध्ये जाऊन पोछा उचलला. खिडकीत नवीन बाटली होती. तिच्यावर मार्करनं मोठ्या अक्षरात माझं नाव.

"बघ, आता गोंधळ होणार नाही."

शेजारी ॲसिडची बाटली तशीच होती. तिच्यावर अजूनही काही नव्हतं. या घरात सांभाळून राहायचं ते माझ्यापासून, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. दोन वर्षं या बाईंच्या घरची फरशी मी माझ्या घरच्यासारखी पुसली होती.

बसक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, नाव ॲसिडच्या बाटलीवर लिहा. मला किचनमधला पेला द्या."

त्यांनी किचनकडे वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "देवघर किचनमध्येच आहे गं. समजून घे ना."

समजून घेतलं. पोछा खाली ठेवला आणि निघाले.

आवाज घोगरा झालाय, पहिल्यासारखा होणार नाही म्हणतात. घास अजून अडकतो. आता नवीन घरी काम मागायला गेले की आधी पाणी मागते. किचनमधलं, घरच्या पेल्यात, आणि तिथेच उभी राहून पिईन म्हणते. दोन घरांनी दारातूनच परत पाठवलं. उद्या तिसऱ्या घरी जायचंय. तिथेही आधी पाणी, मग कामाचं बोलणं.