छरा घालायच्या आधी

धंतोलीतल्या दवाखान्यात मामाजींना मी शेवटचं भेटले, तेव्हा माझ्या हातात ओली छत्री होती. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. ते डोळे मिटून पडले होते. मी स्टूल ओढून बसले, छत्री मांडीवर आडवी ठेवली. थोड्या वेळानं त्यांनी एक डोळा उघडला. माझ्याकडे नाही, छत्रीकडे पाहिलं आणि म्हणाले, "सूनबाई, टोक भिंतीकडं कर. माणसाकडं नको." शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ, ज्यांच्या दिशेला ते टोक होतं, घाईघाईनं उठून बसले. मी छत्री फिरवली, मामाजींनी डोळा मिटला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. शेवटी काय म्हणाले, असं तेरवीला आलेली मंडळी विचारायची, तेव्हा माझे पती पाण्याचे ग्लास उचलायला निघून जायचे.

मामाजींची शेती भिवापूरकडे, जंगलाला लागून. रानडुकरांपासून पीक राखायला त्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. छातीचं दुखणं सुरू झालं आणि ते नागपूरला आमच्याकडे राहायला आले, तेव्हा ती त्यांनी ठाण्यात जमा केली आणि मुलीची पाठवणी करून आल्यासारखे घरी येऊन बसले. मी उमरेडच्या शाळेत शिकलेली, माझ्या माहेरातली पहिली पदवीधर. बी.ए.चं शेवटचं वर्ष लग्नानंतर, सासरच्या गावी असताना झालं. प्रत्येक पेपरला मामाजी मला लुनावर नेऊन सोडायचे आणि पेपर सुटेपर्यंत कॉलेजच्या फाटकाशी उभे राहायचे. त्यामुळे पुढं त्यांनी काही मागितलं की माझ्या तोंडून 'नाही' निघत नसे. आणि त्यांनी मागितली ती माझी मुलगी. रेवाला नेमबाजी मीच शिकवणार, म्हणाले.

रेवा तेव्हा तिसरीत होती. शाळेत कुणीतरी नेमबाजी करून दाखवली आणि हिनं घर डोक्यावर घेतलं. तिच्या वडिलांनी छऱ्याची बंदूक आणली. मामाजींनी ती उघडून आत छरा नाही ना ते पाहिलं, मिटली, आपल्या कपाटावर ठेवली, छऱ्यांची डबी वेगळ्या खणात कुलूपबंद केली आणि स्वयंपाकघरातून माझं लाटणं घेऊन आले. म्हणाले, आधी हे धर. लाटण्याचं तोंड कुणाकडेही जायला नको. चापाचं बोट भेंडीसारखं सरळ, वाकवायचं नाही. लाटणं खाली ठेवताना तोंड भिंतीकडे. दुपारी पोळ्या करायला मला लाटणं परत मागावं लागे आणि ते मला 'उघडून दाखवून' मिळे.

हळूहळू घरातली प्रत्येक लांब वस्तू भरलेली ठरली. मी बाजारातून शेवग्याच्या शेंगा आणल्या, तर पिशवीतून बाहेर आलेली टोकं पाहून आजोबा आणि नात दोघंही दाराच्या बाजूला सरकले. गांधीबागेत दिवाळीचं कापड घ्यायला गेलो, तर दुकानदार लोखंडी गजानं वरचे तागे दाखवत होता. गज जसजसा फिरे, तसतशी रेवा गादीवरून घसरत माझ्या मागे येई आणि मामाजी कौतुकानं मान डोलवत. शेवटी दुकानदारानं विचारलं, पोरीला बरं नाही का? मामाजींचा एकच प्रश्न असे, आणि तो ते चेंडू, चप्पल, खडा, काहीही फेकण्याआधी विचारत. "लागन कुठं, हे कोणीबी सांगते. नाही लागलं तं जाईन कुठं, ते सांग." शाळेतून तक्रार आली की मुलं खडू फेकून मारतात तेव्हा रेवा मागच्या बाकावर कोण आहे याची चौकशी करत बसते.

पण पोर किती दिवस लाटणं धरणार? नेमबाजीच्या क्लबातले सर म्हणाले होते, आमच्याकडे पहिल्याच दिवशी छरा मारू देतो. रेवानं त्यांना सांगून टाकलं होतं की माझे आबा 'मार' म्हणतील तेव्हाच. आता तिला ते 'मार' ऐकायचं होतं. एकदा चिडून तिनं विचारलं, मी म्हातारी होईपर्यंत लाटणंच देणार का? मामाजी म्हणाले, "म्हातारी झाली तं लई बरं. म्हातारे नीट पाहतेत." इकडे जिना चढताना त्यांना दोनदा थांबावं लागायचं. माझ्या मनात यायचं, मामाजी, जरा घाई करा...

अखेर हिवाळ्यात आम्ही शेतावर गेलो. तूर उभी होती. मातीच्या उंच धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पायथ्याशी मामाजींनी एक भोपळा ठेवला. शेजारच्या शेताचे किसनराव, मामाजींच्या बरोबरीचे, बघायला येऊन बसले. सतरंजी अंथरली. मामाजींनी स्वतःच्या हातानं छरा घातला, बंदूक रेवाकडे दिली आणि म्हणाले, "मार." माझे पती मोबाईल वर धरून उभे होते. रेवानं नेम धरला. धरून ठेवला. आणि मग बोट सरळ करून, बंदुकीचं तोंड धुऱ्याकडे ठेवून ती उठली.

"आबा, तिकडं तुरीत कोणीतरी हाय."

मला काही दिसेना. मग धुऱ्याच्या टोकाशी, तुरीआड, निळी बाही दिसली. पती ओरडत तिकडे धावले आणि काठीला घातलेला एक शर्ट कॉलर धरून घेऊन आले. सकाळीच मामाजींनी तो तिथं रोवून ठेवला होता. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी माझ्या निकालाच्या दिवशीही पाहिला नव्हता. त्यांनी छरा काढला, बंदूक पिशवीत घातली. आज बंद, म्हणाले. रेवा रडायलाच लागली. भोपळ्याचं काय? "आईले भाजी करायले सांग," मामाजी म्हणाले.

परत येताना किसनरावांना गावापर्यंत गाडीत घेतलं. त्यांना हसू आवरेना. तो शर्ट त्यांचाच होता, मामाजींनी मागून नेलेला. फार वर्षांपूर्वी एका पहाटे मामाजी पीक राखायला बसले असताना किसनरावांच्या तुरीत काही हललं आणि मामाजींनी बार काढला. ते पडलं नाही, पळालं नाही. जाऊन पाहिलं तर बुजगावणं. किसनरावांनी आदल्या संध्याकाळीच स्वतःचा हाच शर्ट चढवून उभं केलेलं, आणि छातीवर भोकं. "मी उजाडल्यावर गेलो, तं हा तिथंच बसून रडून राहिला होता. म्हटलं, बापूराव, मी मेलो असं समजला का गा?" पुढं बांधावरून दोघांचं भांडण झालं, की किसनराव तोच भोकं पडलेला शर्ट घालून आठवडी बाजारात फिरायचे. आणि मामाजी? बंदूक खांद्यावर घेऊनच जागलीला जायचे, पण डुकरं हाकलायचे ती तेलाचा डबा बडवून. जमा करायला नेली तेव्हा तिच्या नळीत कोळ्यानं घर केलं होतं, हेही किसनरावांनीच सांगितलं. मामाजी पुढच्या सीटवर बसून रस्ता बघत होते.

होळीला पुन्हा जायचं ठरलं होतं. होळीला ते दवाखान्यात होते, नंतर घरी, पुन्हा दवाखान्यात... रेवाचा छरा राहूनच गेला.

तेरवीनंतर ती क्लबात जाऊ लागली. काही दिवसांनी सरांचा फोन आला. म्हणाले, मुलगी चांगली उभी राहते, नेम धरते, आणि बंदूक खाली ठेवते. कशाची तरी वाट पाहते. गेल्या रविवारी रिक्षात तिनंच मला विचारलं, "आई, आता कोण म्हणणार?"

मी कुकरच्या शिट्टीला दचकणारी बाई. तरी क्लबात तिच्या मागे जाऊन उभी राहिले. समोर कागदाचं लक्ष्य, त्यामागे भिंत. सरांना विचारलं, भिंतीमागे काय आहे? ते म्हणाले, काही नाही, मॅडम. मी म्हटलं, बघून येऊ. बिचारे किल्ली घेऊन आले. आम्ही तिघं वळसा घालून गेलो. मागे गवत होतं आणि स्टँडवर लावलेली एक सायकल. सायकलही मी बाजूला काढायला लावली. मग परत आलो. रेवानं छरा घातला, नेम धरला आणि थांबली. मी उमरेडच्या शाळेत कष्टानं कमावलेली माझी शुद्ध भाषा बाजूला ठेवून म्हटलं, "मार वं."

छरा कागदाला लागला नाही. कागदाच्या आसपासही नाही. सर काही समजुतीचं बोलणार होते, तेवढ्यात रेवानं बंदूक उघडली, तोंड भिंतीकडे करून खाली ठेवली आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

"भिंतीतच थांबला ना?"

"भिंतीतच," मी म्हटलं.