खड्यांची बाटली

दुष्काळात विहिरी आटल्या, हॉस्पिटलच्या दारातल्या कुंड्या सुकल्या, नळाला तर आठवडा-आठवडा पाणी नसायचं. पण आमच्या काउंटरवरचे किस्से काही आटले नाहीत. उलट त्याच सालांत जास्त आले. का, ते मला विचारू नका.

क्रांती चौकापासून चालत जाता येईल अशा एका गल्लीत आमचं छोटं हॉस्पिटल. प्लास्टिक सर्जरीचं. मी काउंटर सांभाळते आणि ऑपरेशनच्या आधी पेशंटला काय होणार, काय नाही ते समजावून सांगते. आमचे सर्जन, म्हणजे सर, मोजकंच बोलतात, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. वॉर्डात नर्स नज्मा आपा, खुलताबादहून रोज बसनं येणाऱ्या. एवढीच आमची मंडळी. पेशंटची नावं बदलली आहेत. गावाचं नाव तर घेतच नाही. आपल्याकडं गाव सांगितलं की माणूस सापडलाच!

*

शहर वाढत होतं तेव्हाची गोष्ट. वावरं जाऊन प्लॉट पडत होते आणि प्लॉट पाडणाऱ्यांची पोटं सुटत होती. असेच एक साहेब आले. पांढरेशुभ्र कपडे, दोन मोबाइल. पोटाची चरबी काढायची होती.

सरांनी पेन घेऊन पोटावर खुणा केल्या. एवढी इथून काढू, एवढी तिथून. साहेब आरशात बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले,

"मार्किंग एक नंबर, डॉक्टरसाहेब! पण मधी रस्ता कामून नाय सोडला?"

सर म्हणाले, "सोडलाय. ती बेंबी आहे."

*

एक तरुण आला. छातीला बायकांसारखा उभार होता, चारचौघांत शर्ट काढायची चोरी. अशी मुलं आमच्याकडे पुष्कळ येतात. साधं ऑपरेशन आहे, पण नंतर महिनाभर घट्ट बनियन घालावी लागते, रात्रंदिवस. हे मी त्याला दोनदा सांगितलं. "व्हय मॅडम, व्हय मॅडम," म्हणाला. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. पुढच्या आठवड्यात त्याची हळद होती!

हळदीला नवरदेव उघडा बसतो. त्यासाठीच तर बिचाऱ्यानं सगळं केलं होतं. आणि बनियन काढायची नाही, असं आम्ही बजावलेलं. पोरगं शब्दाचं पक्कं. टाके काढायला आला तेव्हा बनियन गळ्यापासून कमरेपर्यंत पिवळीजर्द!

सरांनी टाके तपासले आणि विचारलं, "टाके छान आहेत. पण लग्न कोणाचं झालं? तुझं की बनियनचं?"

*

आमच्याकडे ऑपरेशनचा निर्णय पेशंट घेत नाही, जीप घेते. एकदा लांबच्या एका खेड्यातून अशीच जीप आली. आत्या, मावशी, दोन दीर, एक सरपंच. बाईचं पोट बाळंतपणानंतर लोंबत होतं, म्हणे. अर्धा तास प्रश्नांची सरबत्ती झाली. भूल कशी देता? पथ्य काय? बाईला उन्हात चालेल का?

शेवटी सरांनी विचारलं, "यात पेशंट कोण?"

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. मग आत्या म्हणाल्या,

"ती गावाकडंच हाय. आधी आमी बघून जातो, मग तिला सांगतो!"

*

त्यामुळं कमल आली तेव्हा मला नवलच वाटलं. फक्त नवरा-बायको. जीप नाही, आत्या नाही. घराणं मेंढरांचं. म्हातारा-म्हातारी गावाकडं थोडी मेंढरं राखून, नवरा इथं कंपनीत कामाला, कमल कधी इथं, कधी तिथं.

तिनं खांदे दाखवले. दोन्हीकडं आतल्या कपड्याच्या पट्ट्यांनी खोल चर पडले होते. छातीचं ओझं इतकं की मान सतत पुढं ओढलेली. वर डोक्यावर हंडा. दुष्काळात तर दिवसातून कितीदा तरी. रात्री मान धरून बसायची.

मी नेहमीचा प्रश्न विचारला, "दिसायला बरं वाटावं म्हणून छाती कमी करायचीय का?"

"मला नटायचं नाय, बाई," ती म्हणाली. "मला खाली वाकून वर यायचंय."

मी या खुर्चीवर बसून फार काही मनाला लावून घेत नाही. पण हे वाक्य मला लागलं.

अडचण एकच होती. घरात कळता कामा नये. "आत्याबाईला कळलं तर संपलं," ती म्हणाली. आत्याबाई म्हणजे तिची सासू, हिराबाई. "दोन लेकरं पाजली, ते अंग कापून टाकलं म्हणतील. भावकीत तोंड दाखवायला जागा ऱ्हायची नाय. मला माहेरी धाडतील." बोलताना ती रडली नाही, पण पदर मुठीत घट्ट धरला होता.

नवऱ्यानं तोड काढली होती. घरी सांगायचं, पित्ताचे खडे झालेत.

"आणि बाहेरचा बोर्ड?" मी विचारलं.

"आईला वाचता येत नाय," तो म्हणाला.

*

ऑपरेशनच्या दिवशी हिराबाई आल्याच. फडक्यात भाकरी-ठेचा, हातात पाण्याची कॅन. वॉर्डात बसा म्हटलं तर नको म्हणाल्या. दारातल्या पायरीवर, त्या सुकलेल्या कुंड्यांपाशी बसून राहिल्या. ऑपरेशन संपेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.

ऑपरेशन उत्तम झालं. कमल शुद्धीवर आली, गळ्यापर्यंत शाल पांघरून पडली. सगळं सुरळीत! आणि मग हिराबाई आत आल्या, सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला विचारलं,

"खडे कुठंयत?"

आमच्या सगळ्यांच्या डोक्यातून नेमकं हेच निसटलं होतं. आपल्याकडं खड्याचं ऑपरेशन झालं की खडे बाटलीत घालून देतात. ते घरी नेतात, शोकेसमध्ये ठेवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. बाटली नसेल तर ऑपरेशन झालं कशावरून?

नवरा भिंतीकडं बघायला लागला. मी म्हटलं, "तपासायला गेलेत."

नज्मा आपांनी मला कोपऱ्यात घेतलं. "क्या बाई, इत्ती सी बात को घबराते क्या? रुको, मैं देखती."

दहा मिनिटांत बाटली हजर! स्वच्छ धुतलेली औषधाची बाटली, आत सहा-सात खडे. खडे कुठले, ते मी विचारलं नाही. दारातल्या कुंड्यांत झाडं मेल्यापासून तेवढंच उरलं होतं. पण आपांनी हात जरा सैल सोडला होता. एक खडा चांगला बोराएवढा!

सर राउंडला आले. बाटली उजेडात धरून त्यांनी बघितली आणि हळूच मला म्हणाले, "हा बोराएवढा कमी करा. पित्तातून असा निघाला तर मला परदेशात भाषणाला बोलावतील."

तोवर उशीर झाला होता. हिराबाईंनी बाटली घेतली, एकदा हलवली, जवळ धरून बघितली. मग आमच्याकडं बघितलं. बाटली पदराच्या टोकाला बांधली.

*

दुसऱ्या दिवशी भेटायला भावकी आली. केळी, बिस्किटांचे पुडे, शहाळी. मे महिन्याचं ऊन, पंखा गरम हवा फेकतोय आणि कमल शालीत. तिच्या डोळ्यांत भीती होती. शाल सरकली असती तर छातीवरची पट्टी सगळ्यांना दिसली असती.

एक चुलत सासू नेमकी चौकस निघाली. "पित्ताचं हापरेशन पोटाला ऱ्हातंय," ती म्हणाली. "मंग हिनं शाल गळ्यापोतर कामून घेतली?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात हिराबाई म्हणाल्या,

"भूल दिली की थंडी वाजती. तुला कुनी दिलीय का कधी भूल? मंग गप केळं खा!"

आणि पदराची गाठ सोडून बाटली सगळ्यांच्या हातांतून फिरवली. बोराएवढा खडा बघून चुलत सासूनं तोंडाला पदर लावला. "अगं माय! ह्यो घिऊन हिंडत व्हती व्हय पोरगी?"

म्हातारी बिचारी भोळी निघाली, असं मी घरी जाऊन सांगितलं.

*

डिस्चार्जच्या वेळी मी कमलला सगळं समजावलं. दीड महिना जड उचलायचं नाही, हात डोक्याच्या वर न्यायचे नाहीत, आवळपट्टी काढायची नाही. ती गावाकडं गेली.

आठ-दहा दिवसांनी फोन आला. आवाज दबका. "बाई, टँकर आलाय. इथं टँकर विहिरीत सोडत्यात, मंग समद्या बाया दोरानं शेंदत्यात. ज्याच्या घरची बाई नाय गेली, त्याला पानी नाय. मी नाय गेले तर इचारतील. शेंदू का थोडं?"

"अजिबात नाही! टाके उसवतील," मी म्हटलं.

"मंग काय सांगू?"

मला खोटं बोलायला बाटलीपुरतंच सुचलं होतं. तेवढ्यात मागून हिराबाईंचा आवाज आला. "कुनाचा फोन हाय? बस गं खाली! मी जाते शेंदायला."

"आत्याबाई, तुमचं वय..."

"माझं वय मला ठावं हाय. बाटली कुठं ठिवली? ती दे इकडं."

नंतर कमलनं सांगितलं ते असं. म्हातारीनं एका हातात दोर घेतला, विहिरीच्या काठावर बाटली ठेवली आणि जी बाई सुनेचं नाव काढील तिला म्हणायची, "आधी ह्ये बघ, मंग बोल." दीड महिना सरेपर्यंत रोज. कोणी परत विचारलं नाही. हिराबाईंच्या हाताला मात्र दोरानं घट्टे पडले.

*

शेवटच्या तपासणीला दोघी आल्या. कमल आत आली तेव्हा मी तिला क्षणभर ओळखलंच नाही. ती ताठ चालत होती. सरांनी जखमा बघितल्या, मान फिरवून बघितली आणि म्हणाले, "आता हंडा उचलला तरी चालेल." सर एवढं बोलले म्हणजे खूशच होते.

हिराबाई मात्र आत आल्या नाहीत. काउंटरवरून मला दार दिसतं. त्या पायरीवर बसल्या होत्या, त्याच कुंड्यांपाशी. त्यांनी पदराची गाठ सोडली, बाटलीचं बूच काढलं आणि सगळे खडे मोजून-मापून त्याच एका कुंडीत ओतले. बोराएवढा खडा वर राहिला, तो बोटानं नीट दाबला.

मग कॅनमधल्या पाण्यानं बाटली खळखळून धुतली, पदरानं पुसली आणि माझ्यासमोर काउंटरवर आणून ठेवली. शेजारी नज्मा आपा उभ्या होत्या. त्यांच्या हातातला ट्रे तसाच राहिला.

"ही जपून ठिवा, बाई," हिराबाई म्हणाल्या. "आमच्या धाकट्या सुनंच्या मानंत बी लई खडे झालेत!"