चित्र हातात घेतलं की रेकॉर्डर बंद

मंदाताई गेल्याचं मला आमच्या मार्केट रिसर्च एजन्सीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. ‘आपण एक अनुभवी रिसोर्स गमावला’, आणि खाली जोडलेले हात. रिसोर्स! ताई म्हणजे काय बोअरला लागलेलं पाणी होत्या? महिना उलटला, तरी तो शब्द आठवला की माझं डोकं फिरतं.

नांदेडच्या एका कॉलेजात ताई तासिका तत्त्वावर मानसशास्त्र शिकवायच्या आणि सुट्टीत कंपन्यांसाठी बायकांच्या गटचर्चा घ्यायच्या. मी लातूरहून जायचे. रेकॉर्डर सांभाळायचा, झालेलं बोलणं टाइप करायचं, एवढं माझं काम. विषय साबणाचा असो की चहाचा, ताई सतरंजीवर एक चित्र ठेवत. बसलेली बाई, चेहरा कोरा. “हिच्या मनात काय चालू असंल?” बायका तिच्या नावानं आपलंच सांगत. “दुसऱ्याच्या आडून माणूस खरं बोलतं गं,” ताई मला म्हणायच्या, “म्हणून जपून इचारायचं.” त्यांचा एक नियम होता. चित्र सतरंजीवर आहे तोवर बोलणं कंपनीचं. कुणी ते उचलून हातात घेतलं, की बोलणं तिचं स्वतःचं, रेकॉर्डर बंद. हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता.

नायगावला मुलांच्या दूध पावडरीची चर्चा होती. एका बाईनं चित्र उचललं, मांडीवर घेतलं. “लेकराला पोटभर देता आलं न्हाई हिला... म्हणून मान खाली घालून बसली.” ताईंनी मला खूण केली. मी ती पाहिली, आणि रेकॉर्डर चालूच ठेवला. वाक्य इतकं भारी होतं! टाइप करून पाठवलं. एजन्सीच्या मुंबई ऑफिसातून शाबासकी आली. अहवालात त्या बाईला नावही मिळालं: ‘अपराधी आई’. पुढे टीव्हीवर जाहिरात लागली. मान खाली घातलेली आई आणि तेच वाक्य, फक्त शुद्ध मराठीत.

ताईंचा फोन आला. “रेकॉर्डर चालू होता?”

“हाव.”

ताई म्हणाल्या, “उद्या नायगावला ये. तिची माफी मागायची.”

आम्ही गेलो तर ती बाई आधी चहा टाकायला उठली. फळीवर त्याच पावडरीचा डबा होता. “टीव्हीत बघितलं अन् लई लागलं, ताई. वाटलं, आपलंच चुकून राहिलं. म्हणून आणला.”

“ते तुमचंच बोलणं होतं,” ताईंनी सांगितलं. ती डब्याकडे बघत राहिली. तिचं दुखणं तिलाच विकलं होतं या लोकांनी, आणि ते उचलून देणारी मी! ताईंनी त्या दिवसापासून एजन्सीचं काम सोडलं. मी सोडलं नाही. ताई मला एका शब्दानंही बोलल्या नाहीत, याचाही मला रागच येतो. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

परवा ताईंच्या मुलीनं त्यांच्या चित्रांची फाईल मला आणून दिली. बायकांच्या बोटांनी कडा मऊ पडलेलं ते चित्र सगळ्यात वर होतं. मी ते काढून बघत होते, तेवढ्यात एजन्सीचा फोन. “मॅडमचा पिक्चर सेट तुमच्याकडेच असेल ना? कंधारला नवीन प्रोजेक्ट आहे. आता चर्चा तुम्हीच घ्या...”

फोनवरची एजन्सीची मुलगी बोलतच होती. चित्र माझ्या हातात होतं. मी फोन बंद केला.