निळा दोरा

असुंताच्या घरात तिचा नवरा दोनातो आणि भाडं घेऊन राहायला ठेवलेले चार गडी. सगळे आमच्याच, इटलीतल्या अब्रुझ्झोच्या डोंगरातले, सगळे इथे पेन्सिल्व्हेनियात कोळशाच्या खाणीत. रविवारी जो तो आपापलं मांस आणायचा. पातेलं एकच, म्हणून असुंता प्रत्येक तुकड्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधायची. नवऱ्याचा निळा, रेमिजिओचा हिरवा.

"वहिनी, माझा तुकडा आटला आणि दोनातोचा बरा फुगला!" रेमिजिओचं दर रविवारचं ठरलेलं.

"खाटकाकडून हाडूक आणतोस आणि माझ्या पातेल्याला बोल लावतोस? लेतित्सियाला बोलावून घे, ती फुगवेल."

लेतित्सिया त्याची बायको, गावाकडे. तिची पत्रं मी वाचून दाखवायचे. आमच्या गल्लीत लिहिता-वाचता येणारी मी एकटीच.

धुण्यात अदलाबदल नको म्हणून असुंता मोजेही त्याच दोऱ्यांनी रफू करायची. डिसेंबरात हिरवा संपला. "या खेपेला निळाच चालवून घे," ती रेमिजिओला म्हणाली.

त्याच आठवड्यात खाणीत स्फोट झाला.

प्रेतं तबेल्यात ठेवली होती. चेहरे उरले नव्हते, बायका मोजे बघत फिरत होत्या. तीन गडी असुंताने दोऱ्यांवरून ओळखले. चौथ्या प्रेताच्या टाचेला निळा रफू होता. दोनातो आणि रेमिजिओ, दोघांची चण सारखी. दुसरा आत दरडीखाली राहिला होता आणि खाणीचं तोंड बुजवलं होतं.

ती टाच हातात धरून बसली. टाके तिचेच होते. कोणासाठी घातलेले, ते सांगता येईना.

"नाव सांगा बाई," कारकून म्हणाला. "मागे रांग आहे."

"दोनातो."

मी शेजारीच होते. रेमिजिओच्या निळ्या रफूचं मलाही ठाऊक होतं.

मार्चमध्ये लेतित्सियाचं पत्र आलं. रेमिजिओ सापडला का?

"लिही, सापडला नाही," असुंता म्हणाली.

"निळ्या दोऱ्याचंही लिहू या ना. खरं ते."

"मग कबर कोणाची गं? तिची नाही, माझीही नाही."

मी तिने सांगितलं तेवढंच लिहिलं.

उन्हाळ्यात उत्तर आलं. 'प्रेत मिळालं नाही म्हणजे तो जिवंत आहे. सासूबाई म्हणतात काळे कपडे घाल, मी घातले नाहीत. मी वाट बघते.'

असुंताने ते दोनदा वाचून घेतलं. चुलीवरचं पाणी उकळून उतू गेलं, तरी ती तिथेच उभी होती.