विहीणबाई आणि त्यांची न दिसणारी प्रजा

आमच्या कळंबच्या विहीणबाईंना अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच शत्रू आहे, आणि तो कोणालाच दिसत नाही. जंतू हो, सूक्ष्म जीव. त्यातल्या काहींना त्या लेकरासारखं पाळतात आणि बाकीच्यांना उपाशी मारतात, उकळतात, खारवतात, उन्हात भाजतात. माझी एकुलती लेक त्यांच्या घरी दिलेली आहे. जन्मभर मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून बाई निवृत्त झाल्या, पण शिकवणं काही निवृत्त झालं नाही. मी शाळेत फारशी गेले नाही. वाचायला शिकले ती किराण्याच्या पुड्यांवरून. त्यामुळे त्यांच्यासमोर बसलं की कोणीतरी पहिल्या बाकावर ओढून बसवल्यासारखं वाटतं, आणि खरं सांगते, पोटात जळतंही.

लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले, तेव्हा रीतीप्रमाणे त्या माझे पाय धुवायला बसल्या. विहिणीचा मान म्हणून मीही जरा ऐटीतच पाय पुढे केले. तर बाईंनी साबण लावला, टाचांच्या भेगा ब्रशनं घासल्या, पाण्यात कसलंसं औषध टाकलं आणि म्हणाल्या, "आता हात द्या, इहीणबाई. कोपरापर्यंत." पावसाळ्याच्या तोंडाशी विहिरीत पावडर टाकतात ना, तशी निर्जंतुक होऊन मी घरात शिरले. चहा आला. कप तोंडाला लावते न लावते तोच त्यांनी ताटलीत तुरीचा एक दाणा ठेवला. "हा एक जंतू समजा. त्याले ओल, ऊब आन खायले भेटलं का वीस मिनिटात एकाचे दोन. दोनाचे चार." असं करत करत ताटली भरली, परात भरली, शेवटी बाईंनी डबाच पालथा केला. माझा चहा निवून गेला. "आता सांगा, संध्याकाळपावतर किती होतीन?" मी म्हटलं, "वरण केलं तर गावजेवण होईन." त्या हसल्या नाहीत. "पाहुण्यासारखंच आहे जी त्याइचं. उबीची जागा देल्ली, खाऊपिऊ घातलं, का मुक्काम वाढते." मी खरं तर दोन दिवस राहायला गेले होते. संध्याकाळच्या एसटीनं घाटंजीला परत आले.

आपल्याकडच्या उन्हाळ्याला सगळे शिव्या देतात. विहीणबाई मात्र वर्षभर त्याची वाट पाहतात. मे महिना लागला की गाद्या, गोधड्या, डाळी, मिरच्या, पाट-पोळपाट, सगळं गच्चीवर. "एवढं फुकटचं औषध वरून पडून राह्यलं आन लोकं पडदे लावून बसतात!" फ्रिजवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "थंडीनं ते मरत नाहीत, नुसते निजतात. लाइन गेली का उठते सारी पलटण." म्हणून वीज गेली की त्या फ्रिजपुढे खुर्ची टाकून बसतात आणि दाराला कोणाला हात लावू देत नाहीत. आमचे व्याही एकदा पाण्याच्या बाटलीसाठी तासभर विनवण्या करत होते. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालणं म्हणजे त्यांच्या लेखी घर फोडून चोरांना आत घेणं. पण हीच बाई थंडीत दह्याच्या भांड्याला नवऱ्याची कानटोपी घालते! मी स्वतः पाहिलं. भांडं टोपी घालून चुलीच्या उबेला बसलेलं आणि व्याही उघड्या डोक्यानं शिंकत. मी विचारलं तर म्हणाल्या, "दह्यातले आपले आहेत. त्याइले गारठा सोसत नाही." आणि व्याह्यांना? "ह्याइचं काय, हे शाल घेतीन." दही सुरीनं कापावं असं लागलं होतं. माझं दही घाटंजीत नावाजलेलं आहे, बायका विरजण मागायला येतात. तरी मी एक घास खाऊन म्हटलं, "जरासं आंबट झालं, नाही?" झालं नव्हतं.

इथवरचं सगळं मी सोसलं असतं. पण माझी लेक, जी माझ्या हाताखाली केर काढताना कोपरे सोडून द्यायची, ती वर्षभरात त्यांची पट्टशिष्या झाली. फोनवर "आई म्हणते" असं म्हणाली की मी खुशीत ऐकू लागायचे, आणि मग कळायचं की ही आई म्हणजे सासू. मी आता "घाटंजीची आई" झाले होते. जशी घाटंजीची एसटी.

मग तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, याच्यात विचारायचं काय असतं? मी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायला घेतली, बाज कसून घेतली. सातवा लागला आणि फोन आला. "आई, मी इथंच राह्यली तर?"

"इथं म्हंजे?"

"कळंबले. बाळंतपणाले."

"तुह्या सासूनं शिकवलं का हे?"

"नाही व. मलेच भेव वाटून राह्यलं. इथं सारं उकळलेलं असते."

"म्हंजे मी तुले काय नाल्याचं पाणी पाजून मोठी केली?"

तिनं फोन ठेवला. मी हातातलं दुपटं घेऊन तशीच बसून राहिले. नंतर उठले आणि उकळायला सुरुवात केली. भांडी उकळली, दुपटी उकळली, चाळण्या, गाळण्या, कंगवे उकळले. एक प्लॅस्टिकचा डाव गोगलगायीसारखा वळून बसला. ह्यांची कवळी ताटलीत दिसली, तीही टाकली. ती अशी वाकडी झाली की तोंडात बसेचना. हे बोळक्या तोंडानं विचारत होते, "कायले उकळली व?" मी म्हटलं, "कळंबले मांगं टाकाचं आहे मले!" नंतर फोन करून सांगितलं, या म्हणावं बघायला, दोघीही या.

आल्या. विहीणबाई एकेक खोली बघत फिरल्या. लेक मागून, मी त्यांच्याही मागून, बारावीचा निकाल असल्यासारखी. पाण्याच्या माठावर झाकण, ओगराळ्याला लांब दांडा, बाजेजवळ हात धुवायला साबण. बाई मान हलवत होत्या. शेवटी स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्याच्या कोपऱ्यातलं पुसायचं फडकं त्यांनी दोन बोटांत उचललं. ओलं, कोंबट, चुरगाळलेलं. "इहीणबाई, सारं घर उकळलं, आन हे? ओल आहे, ऊब आहे, उष्ट्याचं खाणं आहे. इथं तर त्याइची जत्रा भरली." वाटलं, झालं. गेली लेक.

बाईंनी कोणाला न विचारता शेगडी पेटवली, फडकं उकळलं, पिळलं, अंगणातल्या तारेवर उन्हात टाकलं. मग हात धुऊन लेकीसमोर बसल्या. "माय, तू इथंच राह्यशीन."

"पण आई, तुम्हीच तर..."

"मी जंतूचंच सांगून राह्यली. बाईले झोप नसली का ताकद जाते. ताकद गेली का ते वाढतात. माह्या घरी तू दुपारी कधी आडवी होत नाहीस. मी बाहेर आली का उठून बसतेस, पदर सावरतेस. मले दिसत नाही का? आईच्या घरी तू घोरशीन." लेक रडायला लागली आणि मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले. मला हवं होतं तेच झालं होतं. पण माझ्या पोटची लेक मला त्यांनी दिली, माझ्याच घरात, मी घासलेल्या फरशीवर बसून. सांगा, याला आनंद म्हणायचं का?

नात झाली. यवतमाळच्या दवाखान्यातून आम्ही तिला घाटंजीला आणलं. दोन दिवसांनी विहीणबाई एसटी बदलत, डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या. वंशातलं पहिलं लेकरू. मी पाय धुवायला पाणी घेऊन पुढे झाले तर त्या फाटकाशीच थांबलेल्या, नाकातोंडाला पदर बांधून. "मले सर्दी आहे," म्हणाल्या. "वाटेतच सुरू झाली. मी आत येत नाही."

"अहो, एवढ्या लांबून आल्या. एक घडी मांडीवर घ्या. नाकाले बांधलंच आहे ना."

"नको. तिच्या अंगात अजून काहीच नाही त्याइच्याशी लढाले."

मग त्या घराला वळसा घालून खिडकीशी गेल्या. मी नातीला उचलून गजांजवळ नेलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले होते, एका हातानं दुसरा घट्ट धरून. नातीनं जांभई दिली तशा त्या आणखी एक पाऊल मागे सरल्या. डोळे मात्र जिथल्या तिथं. मग पदराआडून म्हणाल्या, "कपाळ तुमच्यावर गेलं." आणि दुपारची गाडी धरायला निघाल्या.

मी नातीला खांद्याशी धरून दारात उभी राहिले. लेक आत खरंच घोरत होती. नात माझ्या खांद्यावर, लेक माझ्या बाजेवर, दोघीही माझ्याच घरात होत्या. आणि रस्त्याच्या वळणावर दिसेनाशा होणाऱ्या त्या पाठीकडे बघताना मनात आलं, माझ्याच्यानं हे झालं नसतं. मला सर्दी असती तरी मी तिला उचलून घेतलंच असतं.