गोमाचा ठोक्या

गोमाला हाव होती ती नावाची. पैशाची नव्हे, जमिनीची तर नव्हेच. ही हाव त्याला लागली बोरघाटात. घाटातून आगगाडीचा रस्ता होत होता तेव्हा कर्जतच्या पूर्वेकडचे कितीतरी गडी तिथं दगड वाहायला जात. आंबेशेतचा गोमाही गेला. जेवायला बसलं की तिथला एक मिस्तरी विलायतेच्या गोष्टी सांगे. वाफेचं इंजीन कुणी काढलं, सूत कातायचं यंत्र कुणी काढलं, आणि अशा माणसांचे म्हणे तिकडं चौकात दगडी पुतळे उभे करतात. ऐकून गोमाची भाकरी हातातच राहिली. नुसतं डोकं चालवलं म्हणून पुतळा! घाटाचं काम संपलं, बाकीचे गडी पाठदुखी घेऊन घरी आले आणि हा शहाणा हे वेड घेऊन आला.

मग काय विचारता! आपोआप हलणारा पाळणा केला, त्यातून पोरगं उपडं पडलं. रहाटाला दोन बैलांऐवजी एक बैल लावायची युक्ती काढली, बैल रहाट मोडून पळाला. "तुजं डोकं चुलीत घाल," बायको मोतीबाई म्हणायची, "निदान भात तरी शिजंल." गाव हसायचं. गोमाला ते हसणं फार लागायचं.

पण एक गोष्ट मात्र त्याला साधली, आणि तीच त्याच्या नरड्याशी आली.

आंबेशेत डोंगराच्या पायथ्याला. भाताचा दाणा भरायला लागला की रात्री रानडुकरं खाली उतरत आणि उभं शेत लोळवून टाकत. राखणीला होती कोंडीकाकी. नवरा नाही, मूलबाळ नाही, वीतभर जमीन नाही. शेतांच्या मधोमध बांधलेल्या माळ्यावर ती रात्रभर बसे, फुटकी थाळी बडवी, हाळ्या देई. आवाज असा खणखणीत, की डुकरं सोडा, गावातली माणसंसुद्धा दचकून कूस बदलत. "माझ्या राखणीत डुकराचं नाक सुदिक बांधाच्या आत आलं नाय," असं ती ऐटीत सांगे, आणि ते खरंच होतं. झोडणी झाली की प्रत्येक खळ्यावर ती सूप घेऊन उभी राही. राखणीचं सूपभर भात, ही रीतच होती. त्यावर तिचं वर्ष निघे.

गोमानं काय केलं? ओढ्याचं पाणी बांबूच्या पन्हळीतून शेतात आणलं. पन्हळीखाली एक लाकडी दांडा आडवा टांगला, त्याच्या एका टोकाला कोरलेली डोणी. डोणी पाण्यानं भरली की खाली जाई, पाणी सांडे, आणि हलकी होऊन उसळली की दांड्याचं दुसरं टोक खालच्या खडकावर आपटे. ठक्क! पुन्हा भरे, पुन्हा ठक्क! दिवसरात्र, माणसाशिवाय. पहिल्या रात्री डुकरं त्या बाजूला फिरकली नाहीत, आणि सकाळी आबाजी पाटलांनी सगळ्यांदेखत गोमाच्या पाठीवर थाप मारली. लोकांनी त्याला नाव दिलं ठोक्या, आणि त्या हंगामात शेताशेतातून तो वाजायला लागला. नेरळकडची माणसं बघायला येऊ लागली. गोमाची छाती अशी फुगली की बंडीचे बंद तुटायचे बाकी राहिले.

झोडणीला कोंडीकाकी नेहमीसारखी सूप घेऊन आली. पाटील हसले. म्हणाले, "अगं काकी, राखण ठोक्यानं केली. सूप त्याला द्यायचं का तुला?"

सगळं खळं खो खो हसलं. आणि गोमाही हसला.

काकीनं सूप पालथं केलं, काखेत घातलं आणि ती गेली. तेव्हा कुठं गोमाच्या टाळक्यात उजेड पडला, की आपण डुकरं नाही, म्हातारीला हाकललं. दुसऱ्या दिवशी त्यानं मोतीबाईच्या हाती टोपलंभर तांदूळ धाडले. ते तसेच परत आले. "राखणीचं खाल्लं म्या आजवर," काकीनं निरोप दिला होता, "भिकंचं नाय खायची." वर्षभर ती रानातली कंदमुळं उकरून, लाकूडफाटा विकून जगली. वाटेत दिसली की गोमा वाट बदलायचा. कारागीर म्हणून लोक त्याला हाका मारत, आणि तो मान खाली घालून ओ देई.

पुढच्या हंगामात त्यानं ठरवलं. ठोक्या एकदा फसला पाहिजे, म्हणजे लोक काकीला परत बोलावतील. पाटलांचं शेत मोठं, थोडं गेलं तर त्यांना जाणवणारसुद्धा नाही. दिवेलागणीला कुणी नाही असं बघून त्यानं पाटलांच्या शेतावरच्या पन्हळीत पेंढा कोंबला आणि वर चिखल थापला. ठोक्या गप्प झाला.

आता डुकरांना पाटील कोण आणि गरीब पोशा कोण, हे काय ठाऊक? पाटलांचा तुकडा लोळवून ती शेजारच्या पोशाच्या शेतात शिरली. पोशाचं ते एकच शेत, आणि त्याची राखणही पाटलांच्याच ठोक्यावर. सकाळी तो बांधावर कपाळाला हात लावून बसला होता. गोमानं ते लोळलेलं भात बघितलं. हे त्याच्या हिशोबात नव्हतंच.

"तुजा ठोक्या गेला मसणात!" पाटील गरजले. "कोंडीला बोलवा." काकी आली तसे ते म्हणाले, "काकी, आजपासून माळ्यावर बसायचं. तुजं सूप पक्कं."

झालं! गोमाला हवं होतं तेच झालं. पण काकी माळ्याकडं गेली नाही, ती गेली पन्हळीकडं. वाकली, हात आत घातला. पेंढा बाहेर आला, चिखल बाहेर आला, आणि चिखलावर बोटं अशी उमटलेली की आंधळ्यालाही कळावं. तिनं मागं उभ्या असलेल्या गोमाकडं बघितलं. त्याचा चेहराच सगळं बोलत होता, मेल्याचा!

पोशा पाच पावलांवर होता. काकीनं चिखल मुठीत दाबला आणि पाण्यात सोडला.

"खेकड्यांनी भोक बुजवलं हाय," ती मोठ्यानं म्हणाली. "ठोक्या झ्याक हाय, पाटील. म्हातारीला कशाला चढवता माळ्यावर?"

तेवढ्यात डोणी भरली. ठक्क! लोकांचा जीव भांड्यात पडला. जाता जाता काकी गोमापाशी थांबली आणि त्याला एकट्याला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "जलमभर एक डुक्कर आत येऊ दिलं नाय रं मी. आन् तू माझ्यासाठी बोलावून आणलीस?"

गोमाला वाटलं, आता ओरडून सांगावं. पोशाचे पाय धरावे. तोंड उघडलंसुद्धा त्यानं. पण पाटील पुन्हा त्याची पाठ थोपटत होते, लोक वाहवा करत होते, आणि उघडलेलं तोंड त्यानं तसंच मिटलं. लाज अशी वाटली की मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मिटलं.

दसऱ्याआधीच काकी खालापूरकडं भाचीच्या घरी निघून गेली. तिला कुणी थांबवलं नाही.

झोडणी आली. राखणीची रीत मोडायची नाही, असं पाटलांनी ठरवलं. सूप आता ठोक्याच्या धन्याचं, म्हणजे गोमाचं. खळ्याखळ्यावरून सुपं येऊ लागली. शेवटी पोशा आला. त्याच्या खळ्यात भाताचा ढीग असा नव्हताच, तळाला होतं तेच खरवडून त्यानं सूप भरलं होतं.

"मला नको, पोशा," गोमा म्हणाला. "खरंच नको रं."

पोशाचा चेहरा उतरला. "का रं? सगळ्यांचं घेतलंस. माझं कमी पिकलं म्हणून माझं नको?"

दारात मोतीबाई बघत होती, शेजारी बघत होते. खरं सांगितल्याशिवाय नाही म्हणायची सोय उरली नव्हती.

गोमानं हात पुढं केले आणि सूप घेतलं.